व्हीगांडची विधवा

नोव्हेंबरात, मृतांच्या रविवारी, बर्लिनमधली माणसं फुलं घेऊन आपापल्या थडग्यांवर जातात. गेर्डाही काळा कोट घालून, हातात पुष्पचक्र धरून भिंतीलगतच्या दफनभूमीत शिरली. फरक एवढाच, की तिचं तिथं कुणीच पुरलेलं नव्हतं.

ऑगस्टात एका रात्रीत शहराच्या मधोमध काटेरी तारा पडल्या, मागोमाग भिंत उठली. तिची मुलगी लेने त्या रात्री आजीकडे होती, पश्चिमेला. ती तिथंच अडकली. परवान्यासाठी गेर्डाने किती उंबरे झिजवले, पण कुणी दाद दिली नाही. लेनेचा बाप तर तिच्या जन्माआधीच वारलेला.

भिंतीपलीकडच्या काही विद्यार्थ्यांनी भुयार खणलं होतं. त्याचं तोंड एका थडग्याखाली उघडत होतं. दगडावरचं नाव, आल्ब्रेख्ट व्हीगांड, त्यांच्यातल्या फोल्करने मनाने रचलेलं. "कुणी विचारलं तर काका म्हण," असा त्याचा निरोप होता.

ती गुडघे टेकते न टेकते तोच मागे बूट वाजले. पहाऱ्यावरचा शिपाई होता, अगदी कोवळा.

"कोण लागतात हे?"

"नवरा." तोंडातून निघून गेलं.

"आणि डोळे कोरडे? आमचं कुत्रं मेलं तेव्हा आई याहून जास्त रडली." तो हसला, पण जागचा हलेना. "बोला की त्यांच्याशी! सगळ्या बायका बोलतात."

गेर्डा थडग्याकडे वळली. तिने मातीवर हात ठेवला.

"आल्ब्रेख्ट... चल ना घरी. लेने वाट बघतेय रे."

लेनेचं नाव घेतलं आणि तिला खरंच रडू कोसळलं. शिपाई ओशाळला, टोपी सारखी करत दूर गेला.

सगळीकडे गारठा होता. हाताखालची माती मात्र कोमट लागत होती.

पुष्पचक्राखालची फळी सरकवून ती आत उतरली आणि फळी पुन्हा डोक्यावर ओढून घेतली. कोपरांवर सरपटत निघाली. ती थांबली, की मागे काहीतरी किंचित उशिराने थांबत होतं.

"कोण आहे?"

फक्त श्वास. दमलेल्या माणसाचा.

मग ती थांबलीच नाही.

पलीकडे फोल्करने तिला वर ओढलं. "तुझ्या मागे कुणी आहे?"

"नाही. मीच शेवटची."

त्याने कंदील भुयारात धरला. बराच वेळ धरून ठेवला. आत कुणी नव्हतं. तरी तो घाईघाईने तोंड बुजवू लागला.

आजीच्या घराचा जिना गेर्डा धावतच चढली. दार लेनेने उघडलं आणि आईच्या गळ्यात पडली. पोरीचे केस हुंगत गेर्डा उंबऱ्यातच बसून राहिली, हसत, रडत.

आत आजी खुर्चीत ताठ बसली होती. चेहरा पांढराफटक. नजर न्हाणीघराच्या बंद दारावर.

"हळू बोल हं, आई," लेने कुजबुजली. आनंदाने तिचे गाल फुलले होते. "बाबा दमलेत. कधीचे हात धुताहेत, पण माती निघतच नाहीये."

आतला नळ बंद झाला.