डावीकडचा रूपराव

ही गोष्ट कोणाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. सिंदीत अजून कोणाला पटलेली नाही. आणि सिंदीची माणसं अशी, की चंद्रावर कापूस पिकतो म्हटलं तरी आधी भाव विचारतील. एका मुलीचं अर्धं जग हरवलं होतं आणि ते टीव्हीच्या खोक्यात सापडलं! विश्वास बसत नसेल तर खुशाल उठा, ओट्यावर तेवढीच जागा होईल.

साल त्र्याऐंशी, महिना श्रावण. रूपराव मूळचा अल्लीपूरचा, शेतकऱ्याचा पोरगा; पण त्याचे हात नांगरापेक्षा तारांत रमायचे. स्टेशनजवळ त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दिसायला तर असा देखणा... जाऊ द्या, नजर लागेल. नागपूरचं चित्र नुकतंच सिंदीपर्यंत पोचू लागलं होतं आणि रेल्वेतल्या मालबाबू अण्णाजींच्या छपरावर तो अँटेना चढवत होता. इतक्यात खालून एक मुलगी आली. मान ताठ, चाल तोऱ्यात. ती सरळ येऊन शिडीला धडकली. शिडी आडवी, आणि रूपराव अँटेनाचा पाइप धरून लोंबकळतोय!

"ओ बाई! दिसून नाई राह्यलं काय?"

तिनं वर पाहिलं. "काय दिसायचं?"

"शिडी!"

"कुठली शिडी?"

थट्टा नव्हती ती. शिडी तिच्या डाव्या पायाशी पडली होती, आणि ती मात्र उजवीकडचं सगळं अंगण शोधत होती. मग रूपरावचं लक्ष गेलं... काजळ फक्त उजव्या डोळ्यात. बांगड्या फक्त उजव्या हातात. अर्धीच नटलेली मुलगी, आणि तरी पुरती सुंदर! आपण लोंबकळतोय, हे त्याला बऱ्याच वेळानं आठवलं.

चहा देताना अण्णाजींच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, हळू आवाजात सांगितलं, "ही आमची पद्मा. शाळेत शिकवते. उन्हाळ्यात आंजी गावच्या लग्नाहून येताना बैलबंडी उलटली, डोकं दगडावर आपटलं. डोळे चांगले आहेत म्हणतात डॉक्टर. पण डावी बाजू म्हणून काही असते, हेच तिच्या मेंदूला आठवत नाही."

तेवढ्यात आतून हाक आली, "आई, अर्धीच भाकर वाढलीस?"

यशोदाबाई आत गेल्या आणि त्यांनी काही न वाढता नुसतं ताट फिरवलं.

"अगं बाई! होती की!"

रूपरावच्या ओठांशी कप तसाच थांबला. अर्धं जग गेलंय... आणि गेल्याचं तिला ठाऊकही नाही!

शाळेच्या मोठ्या बाईंनी मुदत दिली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग सांभाळता आला तर बरं, नाहीतर जागा दुसरीला. एकदा पद्मा शिकवून आलीही होती. उजवीकडच्या पोरी कविता म्हणत होत्या आणि डावीकडच्यांनी भातुकली मांडली होती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी उपाय दिला होता – पुस्तकाच्या पानाला डावीकडे लाल रेघ ओढायची आणि ती सापडेपर्यंत नजर न्यायची.

"रेघ सापडून मिळतं काय?" पद्मा करवादायची. "रेघच ना!"

हे रूपरावनं ऐकलं. दुकानात कुणाच्या तरी कुवेतच्या जावयाचा टीव्हीवर खेळायचा खेळ बिघडून पडला होता. रूपरावनं तो उघडला आणि पार उलटापालटा केला. वरून चेंडू पडणार, आणि खालची फळी हातातल्या बटणानं सरकवून तो झेलायचा. आधी सगळे चेंडू उजवीकडे. मग स्क्रू थोडा पिळायचा, की चेंडू बोटभर डावीकडे. डाव्या अंगाला एक पिटुकला स्पीकर बसवला – चेंडू सुटला की तिकडून 'टुक'. आणि अण्णाजींच्या टीव्हीला तो जोडून काचेच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी.

"चेंडू... चौकोनी?" पद्मा हसली.

"गोल करायले वेळ लागते, बाई. तोवर चौकोनी झेला."

"आणि सुटला तर?"

"तर टुक वाजते. तिकडं पाहा."

"रागावणार नाही ना, मेकॅनिकसाहेब?"

"तुमच्यावर? ...शिडीवरून पाडलं तवा नाई रागावलो!"

खेळाची कीर्ती गावभर झाली. शेजारच्या महादेवरावांचा बैल रोज खिडकीतून पाहायचा. जन्मात डावीकडे न वळलेला तो बैल कार्तिकात आपणहून डावीकडे वळला. हसू नका, बैल होता म्हणून सांगतो. माणसाचं मी सांगितलं नसतं.

सुरुवातीला रूपराव पद्माच्या उजवीकडे बसायचा. पोळा झाला, आणि त्यानं स्टूल उचलून डावीकडे ठेवलं. तो डावीकडून बोलायचा आणि ती उत्तर द्यायची उजवीकडच्या भिंतीला – गालात हसत, मान वेळावत. भिंतीशी असं लाडात बोललेलं रूपरावनं कधी पाहिलं नव्हतं. त्या भिंतीचा त्याला फार हेवा वाटायचा. चेंडू सरकत होता, पण ह्या मुलीच्या जगात आपण कधी सरकणार?

दिवाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चेंडू अगदी कडेला पडला. टुक! पद्माची नजर निघाली... अर्ध्या काचेवर अडखळली... लाल पट्टीपाशी पोचली. आणि थांबलीच नाही! खोक्याची कड, खिडकीची चौकट, आणि मग... एक चेहरा.

"तुम्ही... इथं बसता?"

"हो."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून बसून राह्यलो."

ती बघतच राहिली. खिडकीतलं जांभळं आभाळ, जास्वंद, बैलाचं नाक... "डावीकडे एवढं सगळं असतं?" ती कुजबुजली. मग तिनं मांडीवरचा आपलाच डावा हात उचलला, एखादं पाखरू उचलावं तसा. "आणि ह्याच्या बांगड्या कुठं गेल्या हो?"

यशोदाबाई पदर डोळ्यांना लावून आत पळाल्या.

सुट्टी संपली. मोठ्या बाई वर्गाच्या दारात उभ्या. पद्मानं फळ्यावर लिहिलं, वळली, आणि म्हणाली, "डावीकडची शेवटची... चिंच थुंकून ये." जागा राहिली!

तशीच ती दुकानात आली. दोन्ही डोळ्यांत काजळ, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. रूपराव उठला, छातीवर हात ठेवला आणि न अडखळता म्हणाला, "पद्माबाई, तुमच्या डाव्या बाजूची जागा मले जन्मभरासाठी द्या." असं खणखणीत बोलला, की स्टेशनावरची मालगाडी आपोआप थां–

"खोटं!"

ओट्यावर बांगड्या वाजल्या.

"बैलाचं चालवून घेतलं, मालगाडीचंही घेतलं असतं. पण तोंडातून शब्द तरी फुटला होता का तुमच्या? तारा जोडायची तापलेली सळई उलटी धरून उभे होतात. हात भाजला, तरी गप्प! फुंकर घालता घालता लग्नाचं मीच विचारलं. आणि मी केव्हाची इथं डावीकडे बसलेय... दिसले नाही का, मेकॅनिकसाहेब?"