डॅग्नीची करडी खोली

पहिलं भांडण जिन्यातच झालं. आस्गरने छत्री झटकली आणि डॅग्नीचा नवाकोरा कॅनव्हास भिजला.

"दिसत नाही का रे तुला?"

"कोराच आहे ना अजून... वाळेल."

वर गेल्यावर कळलं, हा प्राणीसुद्धा चित्रकर्ती बोडिलकडे तैलरंग शिकायला आलाय, आणि त्यालाही तीच मागची खोली हवी आहे! कालव्याकाठचं बोडिलचं जुनं घर, शिकणाऱ्यांनी तिथल्याच खोल्यांची चित्रं रंगवायची. मागच्या खोलीत उत्तरेची खिडकी, करडी भिंत, अर्धवट उघडं पांढरं दार. बस्स.

"दोघं शेजारी बसा," बोडिल म्हणाल्या. "डोळे किलकिले करा. ते दार आहे हे विसरा, उजेड कुठे विरतो तेवढं बघा."

नोव्हेंबरभर ती दोघं शेजारी बसली. तो शिट्टी वाजवायचा, ती चिडायची. तो कॉफी आणायचा, ती तोंड वाकडं करून प्यायची.

"तुझा करडा काय सुरेख जमतो गं. काय घालतेस त्यात?"

"राग."

तो असा खळखळून हसला, की तिलाही हसू आलं... आणि त्या हसण्याचाच राग आला.

राग खराच होता. कितीतरी वर्षं ती योआकिमबरोबर राहिली होती. तो तिची वाक्यं पुरी करायचा, तिने मांडलेला चमचासुद्धा सरळ करायचा. त्याला सोडून आल्यावर, या खोलीत पहिल्यांदाच तिचं काहीतरी तिच्या मनासारखं वाकडं राहत होतं.

एका दुपारी ती ब्रश धुऊन परत आली, तर तिच्या चित्रातल्या दाराच्या कडेला उजेडाची मऊ, पिवळसर रेघ! आणि आस्गरच्या हातात ब्रश.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"अगं, एवढीशी रेघ... चित्रात दार मागे जात नव्हतं, म्हणून—"

"म्हणून तू ढकललंस?"

"छान दिसतंय की!"

"छानच दिसतंय! त्याचाच तर संताप येतोय!" तिने चिंधी त्याच्या छातीवर फेकली. "पूस."

त्याने पुसलं. रेघेबरोबर खालचा तिचा रंगही गेला, दार डागाळलं. त्याचा चेहरा पडला.

"माझ्या चित्रात कुणी हात घातलेला मला चालत नाही. बोलण्यातही नाही. कळलं?"

"कळलं." तो अडखळला. "दार नुसतं निमित्त होतं, डॅग्नी... तुझ्या खोलीत माझं काहीतरी असावं, असं वाटत होतं."

तिचे कान तापले. निम्मेच रागाने.

"मग विचारता येत नव्हतं?"

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! पण ते मी ठरवलं असतं!"

त्याने सामान आवरलं, पिशवी खांद्याला लावली. त्या पांढऱ्या दारात पोचला, आणि खिडकीतला फिका उजेड त्याच्या पाठीवर अलगद उतरला.

"थांब! हलू नकोस."

"ओरडायचं राहिलंय अजून?"

"पुष्कळ राहिलंय." तिने ब्रश उचलला. "पण आधी तुला रंगवते. पाठमोरा. तोंड बघितलं तर पुन्हा भडकेन."

तो उभा राहिला. खांदा भरून आला, तरी हलला नाही. तिने कोरड्या ब्रशने त्याच्या कोटाची कड हलकेच भिंतीत विरवली.

"डॅग्नी... एक विचारू?"

"विचार."

"वळू का?"

तिने ब्रश खाली ठेवला.

"राग गेलेला नाहीये माझा," ती म्हणाली. "वळ."