भेटीला येणारे

लातुरात औसा रोडच्या मागच्या अंगाला मुलींचं एक वसतिगृह आहे. मालक उमाशंकर अप्पा, पण शब्द चालायचा तो सुकन्याचा. नवरा गेल्यावर लोह्याहून ती लेकीला, आरतीला, घेऊन इथं रेक्टर म्हणून आली आणि पोरींना शिस्त लावता लावता स्वतःच शिस्तीची होऊन बसली. तिचा एक नियम पोरींच्या बापांनाही पाठ होता. रविवारी भेटीला येणाऱ्याचं नाव फाटकावरच्या यादीत असेल तरच फाटक उघडणार. सख्खा मामा का असेना, नाव नसेल तर त्यानं डबा वॉचमनकडे द्यावा आणि परतीची एसटी धरावी.

यंदा उदगीरच्या महांतेश नावाच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं तिला डाटाबेस करून दिला होता, फाटकावरची यादीही आता त्यातूनच निघायची. आधी एकच पत्ता चार ठिकाणी लिहून तिचा हात भरून यायचा. आता फॉर्मवर गाव टाकून टॅब दाबला की तालुका, जिल्हा, पिनकोड आपोआप हजर. सुकन्याला त्याचं इतकं कौतुक, की रिकाम्या वेळी ती उगाच एखादं गाव टाकून बघायची आणि स्वतःशीच हसायची.

हिमायतनगरचे भागवतराव पोरीला घेऊन आले त्या दुपारी तिनं गाव टाकलं, टॅब दाबला. तालुका आला, जिल्हा आला, पिन आला. आणि खाली, हातानं भरायच्या ‘भेटीला येणारे’ या रकान्यातही नाव येऊन बसलं. पार्वतम्मा. नातं, आत्या.

तिनं ते वाचून दाखवलं. भागवतरावांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं.

“मला बहीणच न्हाई, मॅडम.”

तिनं नाव पुसलं आणि मशीनवर ढकलून मोकळी झाली. मग मुरुडची पोरगी आली, मग निलंग्याची. दोघींनाही तीच आत्या. तिनं महांतेशला फोन लावला. त्यानं उदगीरला बसूनच तिचा स्क्रीन उघडला, बाण इकडं तिकडं फिरवला. त्या रकान्याला मी काहीच जोडलेलं नाही, म्हणाला. तिच्यासमोर त्यानं तो रकाना काढून टाकला आणि कोरा नवा बसवला. पुढच्या पोरीच्या वेळी टॅब दाबण्याआधीच नाव आलं.

तेव्हापासून सुकन्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना उठायची, हात न धुताच फॉर्म उघडून बघायची. पुसलेलं नाव परत आलेलं असायचं. ती पुन्हा पुसायची.

एका रविवारी वरच्या मजल्यावर कारळाच्या चटणीचा वास दरवळत होता. हिमायतनगरची पोरगी कॉटवर मांडी घालून कडक भाकरी खात होती. भागवतराव त्या दिवशी येणार नाहीत, हे सुकन्याला पक्कं ठाऊक होतं. डबा कोणी आणला, तिनं विचारलं.

“आत्यानं,” पोरगी म्हणाली आणि घास चावत राहिली.

सुकन्या तशीच खाली फाटकावर गेली. शिवमूर्ती वॉचमन इथला जुना माणूस, डोळ्यांत तेल घालून बसणारा.

“नाव व्हतं की यादीत,” तो म्हणाला. “तुमचाच नियम हाय, मॅडम.”

दिसायला कशी होती, तिनं विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला.

“चांगल्या घरची बाई. चपला काढून आत गेली. तोंड मात्र आता डोळ्यापुढं येईना.”

पुढं एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. रविवारी संध्याकाळी उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या पोरी रडायच्या थांबल्या होत्या. कोणी घरी फोनही करत नव्हतं. मग भागवतरावांचाच फोन आला.

“मॅडम, पोरगी मलाच इचारून राहिली, कोण बोलतंय म्हणून.”

दुसऱ्या दिवशी ते येऊन लेकीला घेऊन गेले. ऑटोत ती बापाशेजारी अंग चोरून बसली, परक्या माणसाशेजारी बसावं तशी.

सुकन्या अप्पांकडे गेली. कॉम्प्युटर बंद करू, पहिल्यासारखं हातानं लिहू, म्हणाली. अप्पांनी हसण्यावारी नेलं. उलट, सरकारी तपासणी येणार आहे, इमारतीत राहणारी प्रत्येक पोरगी कॉम्प्युटरात पाहिजे, आरतीसुद्धा, असं बजावलं. घरच्या लेकराचा कसला फॉर्म, म्हणून सुकन्यानं आजवर तो भरलाच नव्हता. गेले काही दिवस तर ते तिला बरंच वाटत होतं. आरतीला आईशिवाय दुसरं होतंच कोण?

शनिवारी ती फॉर्म भरायला बसली. या खेपेला तिनं शहाणपणा केला. गावाला हात लावण्याआधी खालचा रकाना भरला. भेटीला येणारे, सुकन्या. नातं, आई. आता तिथं दुसरं कोणी शिरायला जागाच नव्हती. मग गाव टाकलं, लोहा. टॅब दाबला. तालुका, जिल्हा, पिन. खाली तिचं नाव जागच्या जागी होतं. तिनं सुटकेचा श्वास टाकला, सेव्ह केलं आणि मशीन बंद केलं.

रविवारी ती गंजगोलाईच्या बाजारात गेली. आरतीला आवडतात म्हणून तिथल्या एका ओळखीच्या बाईकडून पुरणाचे कडबू करून घेतले होते, ते डब्यात भरून परत निघाली. येताना जीव उगाच घाई करत होता. ऑटो हळू चालतो म्हणून ती त्या माणसावर खेकसली.

फाटक बंद होतं. शिवमूर्तीनं यादीवर बोट फिरवलं.

“बसा ताई,” तो म्हणाला. तो तिला कधी ताई म्हणत नसे. “पोरीची आई आलीया वर. त्यांचं बोलणं होऊ द्या.”

तिनं यादी ओढून घेतली.

आरती. आईचं नाव, पार्वतम्मा.

भेटीला येणारे, सुकन्या. नातं, आत्या.

वर खिडकीत आरती खळखळून हसत होती. आईशी बोलताना हसायची तशीच. सुकन्यानं हाक मारली. आरतीनं वाकून पाहिलं.

“आलेच हं, आत्या,” म्हणाली आणि आत वळली.

सुकन्याला ओरडायचं होतं. शिवमूर्तीनं वही पुढं केली. येणाऱ्यानं सही करायची, हाही तिचाच नियम. तिनं डबा बाकावर ठेवला, नाव लिहिलं.

नात्याच्या रकान्यापाशी आली. आई लिहायचं, तिनं मनाशी म्हटलं.

पेन कुठंच अडलं नाही. ‘आत्या’ लिहून झाल्यावर तिनं खाली रेघ मारली आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसली.