साळ्याच्या हातातला दोर

हे खरं घडलेलं आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. योगेश्वरीचा नवरा टिकेशही हसलाच होता.

जानेवारी २००९. सालेकसा तालुक्याच्या जंगलातला एक उभा कडा. दुपारचे तीन. भूत निघायची वेळसुद्धा नव्हती.

टिकेश आठ दिवसांचा गिर्यारोहणाचा कोर्स करून आला होता. तेवढ्यावर साहेबांना सगळं गाव अडाणी दिसू लागलं! दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन योगेश्वरी कड्याखाली उभी. सोबत वाट दाखवायला बुधराम, बापजाद्यांपासून याच कड्यावरचा मध काढणारा.

"वर दोर कोन धरनार, भाऊ?" त्यानं विचारलं.

"झाडाला बांधीन."

"झाडाले का पडली? आमी साळ्याच्याच, बायकोच्या भावाच्याच हाती देतो. बहीण रांडमुंड होऊ नये म्हून साळा मरंल, पन सोडनार नाही."

टिकेश खदखदून हसला. "माझा साळा? भुवनेश्वर? जित्ता होता तवा बैलाचा दोर धरता येत नव्हता त्याले. दोन वर्षं झाली मरून. बोलाव जा!"

योगेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेलेल्या मानसाले काऊन ओढून राहिले?"

"तुला नाही समजायचं," म्हणत तो मागच्या वाटेनं वर गेला. दोराचं एक टोक झाडाला, दुसरं कंबरेला बांधलं. उतरू लागला.

अर्ध्यावर...

वर काहीतरी सुटलं. टिकेश दगडासारखा खाली कोसळू लागला. तिनं लेकीचे डोळे झाकले.

आणि... दोर थांबला.

किंकाळी नाही. पाखरू नाही. मधमाश्यांची गुणगुणही बंद.

मग दोर सरकू लागला. एक हात... थांबला. पुन्हा एक हात... थांबला. विहिरीत कोणी बादली सोडावी तसा.

"दादा, सोडू नको!" तिच्या तोंडून निघून गेलं.

टिकेशचे पाय जमिनीला टेकले. त्यानं दोर कंबरेचा सोडवला. बुधराम वर धावला. वरून त्याचा चिरका आवाज आला.

"बाई... इथं कोनी नाही. गाठ सुटली हाय. टोक मोकळं पडून राहिलं!"

योगेश्वरीनं खालून दोर ओढून पाहिला.

ताठ. हलेना.

बुधराम उतरून आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तुमीच सोड म्हना, बाई. बहिणीच्याच शब्दानं सोडंल."

तिनं दोरावरचा हात काढून घेतला. दोर तिथंच टाकून ते निघाले.

टिकेश आजही सांगतो, "कपारीत अडकला होता." सांगू दे. शहाण्याला कोण शिकवणार! पण घरातून बाहेर पडताना तो थबकतो, कंबर चाचपतो... मागून कोणी धरल्यासारखा.

योगेश्वरी बघते. तिनं अजून "सोड" म्हटलेलं नाही.

म्हटलं... तर काय सुटेल?