तपकिरी बरणी

इद्रिसला गवत कापायचं यंत्र मिळालं आणि चॅपेलची दफनभूमी आपल्याच मालकीची झाली असं त्याला वाटू लागलं. गेल्या उन्हाळ्यात पात्याला अडतात म्हणून त्याने तान्ह्या बाळांच्या कबरींवरचे बिननावाचे दगड उचलले, खड्डे बुजवले, वर गवत पेरलं. कोणाला विचारलं नाही.

ईस्टरच्या आदल्या रविवारी आमच्या गावात घरोघरची माणसं आपापल्या कबरी घासून फुलं ठेवतात. मी डॅफोडिल घेऊन गेले, तर माझा भाऊ टेगिद सापडेना. नऊ दिवसांचा गेला तो. वडलांनी ओढ्यातला पांढरा दगड ठेवला होता. सत्तर वर्षं मी त्या दगडापाशी वाकले. आता नुसतं सपाट हिरवं. फुलं धरून उभी राहिले झालं.

सुट्टीला आलेली माझी नातवंडं, मेलेरी आणि गेथिन, शेजारच्या लिनेदला घेऊन दगडांच्या मागावर निघाली. लिनेदनेच पाहिलं, इद्रिसच्या परसातल्या लीक-कांद्याच्या वाफ्याला नवी पांढरी किनार आली होती. कुंपणाखालून घुसून गेथिनने मोजले. एकवीस.

मला नेऊन दाखवले. सगळे सारखेच. सत्तर वर्षं पाहिलेला दगड मला ओळखता येईना. गेथिन म्हणाला, कुठलाही एक घेऊ आणि कुठेही ठेवू. त्याला मी असं झापलं की तो लिनेदच्या मागे लपला. पण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

मग मेलेरीने विचारलं, “नैन,” आजीला आमच्याकडे असंच म्हणतात, “तू फुलं ठेवायचीस कशात?”

“बरणीत. वाऱ्याने पडू नये म्हणून आईने गळ्यापर्यंत पुरली होती. तीही गेली मातीखाली.”

“मग तिथेच असेल ना ती!”

माझ्या विणायच्या सुया पळवून तिघं गवतात रांगू लागली. सुई खुपसायची, ऐकायचं, पुढे सरकायचं. दुपारी टक्क वाजलं. काचेची निघाली, आमची नव्हे. कोणाची ते सांगणारं आता कोणी नाही. तिच्यातही एक फूल ठेवायला लावलं.

चहाच्या वेळी भिंतीजवळ पुन्हा वाजलं. तपकिरी, जाड, काठाला टवका. तो टवका सात वर्षांची असताना मीच पाडला होता. मी मातीत बसले.

तिघांना तव्यावरचे गरम केक दिले. माझ्याकडून याहून जास्त कौतुक आजवर कोणाचं झालेलं नाही.

संध्याकाळी, दिवसभराचा आमचा शोध पाहून, इद्रिस ढकलगाडीत दगड घेऊन आला. “मॉरफिदकाकू, हे कुठे कुठे ठेवू?” कुठला दगड कुठल्या बाळाचा, हे आता सगळ्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी त्याच्या हातात सुई दिली.

“इद्रिस, गवत तू छान कापतोस. पण या लेकरांना नावाचा दगड कधी मिळालाच नव्हता. नुसती जागा होती. तीच तू कापलीस.”