निरोपाचे आठ कप

मंगळाचं यान आज दुपारी मला न घेता गेलं. शर्वाणी भित्री निघाली, असं अख्खी वसाहत म्हणते. पण यानाची मला कधी भीती वाटलीच नव्हती. मग यानात चढण्याआधीच्या तपासणीत माझं काळीज एवढं का धडधडलं?

चंद्रावरच्या आमच्या वसाहतीत कुणी दूर निघालं की घरोघरी निरोपाचा चहा होतो. नाही म्हणायची सोय नाही! सकाळपासून सात घरी सात कप झाले. मग हात थरथरायला लागले, श्वास पुरेना, आता मी मरणार असंच वाटलं.

"पोर घाबरली गं!" म्हणत आठव्या घरच्या वत्सलाकाकूंनी काय करावं? आठवा कप पाजला, चांगला कडक! तपासणीत नाडी एकशे चाळीस भरली आणि माझ्या नावावर काट बसली.

संध्याकाळी दवाखान्यातले यंत्रमानव तात्या माझ्याजवळ बसले.

"माणूस थकला की मेंदूत अ‍ॅडेनोसिन (विश्रांती घे असं सांगणारं रसायन) साठतं. चहा-कॉफीतलं कॅफिन (तरतरी आणणारं द्रव्य) त्याची जागा अडवून बसतं."

"मग?"

"मग अ‍ॅड्रेनालिन (धोक्याच्या वेळी पळायला बळ देणारा स्राव) वाढतं. काळीज धडधडतं, हात कापतात. मेंदूला वाटतं, एवढी धडधड होतेय म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर आहे! मग खरीच भीती वाटते आणि धडधड आणखी वाढते. लहान शरीराला तर थोडं कॅफिनही पुष्कळ होतं. निम्मा अंमल उतरायलाच पाच-सहा तास लागतात."

"सगळ्यांना असं होतं?"

"नाही. कुणाला काहीच होत नाही, तर कुणाला चहा न पिताही असा झटका येतो. म्हणून तर तपासून बघायचं. आत्ता तुझी नाडी ब्याऐंशी आहे. तुझ्या बाबतीत दोष बहुतेक चहाचाच. तू भित्री नाहीस."

मला रडू कोसळलं. भित्री असते तर बरं झालं असतं, यान गेल्याचं इतकं वाईट तरी वाटलं नसतं. पुढचं यान सव्वीस महिन्यांनी. तेव्हा मी वयाच्या अटीत बसणार नाही.

शेजारची रेवा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पुढच्या यानाच्या यादीत तिचं नाव आहे.

"ताई, मला पण सगळे चहा देतील?" तिनं घाबरून विचारलं.

"देऊ देत. मी तुझ्याबरोबर घरोघरी येईन आणि प्रत्येकाला नाही म्हणेन," मी डोळे पुसत म्हटलं.