पाण्याच्या उडीपाशी फुटाणा

हे घडलेलं आहे.

ज्यांना सगळ्यात वारा आणि भासच दिसतो, त्या हुशार मंडळींनी इथेच थांबावं. त्यांना पटावं म्हणून रूपालीने हे सांगितलेलं नाही.

गेल्या डिसेंबरातली रविवारची सकाळ. नाशिकहून दिंडोरीकडे जाताना द्राक्षबागांच्या मागे घोडेस्वारीचा एक क्लब आहे. नाव सांगत नाही. रूपाली गांगुर्डे तिथे स्वारी शिकवायची.

आणि तिथेच फुटाणा होता.

तांबूस रंगाचा, बुटका पोनी. रिंगणातली शिस्तीची चाल, मग रानातले अडथळे, मग मैदानातल्या उड्या, अशी तिहेरी स्पर्धा असते. त्यात हा बुटका भल्याभल्या उंच घोड्यांना मागे टाकायचा. पण रूपाली पाठीवर असेल तरच. दुसरं कोणी बसलं की झोपेत असल्यासारखा चालायचा. तिने कानाशी वाकून "चल, फुटाण्या" एवढं म्हटलं की झालं.

क्लबचा मालक राज. सगळे त्याला राजसाहेब म्हणायचे. साहेब कसला... खुरात अडकलेला चिखल त्याने जन्मात कधी काढला नव्हता. चकाकते बूट, काळा चष्मा आणि मागे फोटोग्राफर. घोडा म्हणजे त्याच्या लेखी फोटोपुरती मांडीखाली घ्यायची वस्तू.

पावसाळा सरताना फुटाण्याचा पुढचा डावा पाय दुखावला. याला अजिबात पळवू नका, असं बजावून रूपाली भावाच्या लग्नाला मालेगावला गेली. तिची पाठ फिरताच राजने पोनीला दुखणं दबेल असं इंजेक्शन टोचलं, एका जाडजूड पाहुण्याला वर बसवलं आणि रानातल्या अडथळ्यांवर सोडलं. पाहुण्याला हौस होती म्हणे.

पाण्याच्या उडीवर, म्हणजे दगडी काठाच्या पाणी भरलेल्या खड्ड्याच्या अडथळ्यावर, फुटाणा कोसळला. तोच पाय मोडला. डॉक्टरांनी त्याला तिथेच कायमचं झोपवलं.

रूपाली परतली तेव्हा त्याला पुरून खड्डाही बुजवून झाला होता.

"तट्टूच तर होतं," राज फोनमधून मान वर न करता म्हणाला. "दुसरं आणू."

ती भांडली नाही. असल्या माणसापुढे रडायचीही तिला किळस आली. तिने काम सोडलं. घोड्यावर बसणंही सोडलं.

त्या रविवारी ती फक्त आपलं खोगीर न्यायला आली होती. क्लबवर पाहुण्यांची गर्दी. राजने सुलतान नावाचा नवा उंच घोडा आणला होता आणि त्याच्यावर बसून तो स्वतः सगळे अडथळे पार करून दाखवणार होता. रूपालीला हसूच आलं. या माणसाला घोड्यावर चढायला दोघांचा आधार लागायचा.

ती तबेल्यात शिरली. घोड्यांना दाणावैरण घालणाऱ्या सरुबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, सकाळधरनं एकानंबी दाण्याला तोंड लावलं नाय. सगळे तिकडंच बघून राह्यलेत."

खरंच...

एकूण एक घोडा मान वळवून उभा होता. फुटाण्याच्या रिकाम्या जागेकडे.

तेवढ्यात शेजारच्या बागेतला फवारणीचा ट्रॅक्टर बंद पडला. बाहेरची कुत्रीही गप्प झाली.

आणि त्या शांततेत...

टप... टप... टप...

चौथी टाप अगदी हलकी. डावा पाय जपून टाकणाऱ्या जनावराची चाल.

टापा रूपालीच्या समोरून गेल्या. समोर काहीच नव्हतं. घोड्यांच्या माना मात्र हळूहळू फिरत गेल्या... रिकाम्या जागेपासून दारापर्यंत. दारातून बाहेर, रानाकडे.

सरुबाईंनी पदर तोंडाशी धरला. रूपाली घाबरली नाही. ती टापांच्या मागे गेली आणि कुंपणापाशी, पाहुण्यांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

राज येत होता. सुलतानच्या पाठीवर पोत्यासारखा आदळत, लगाम खेचत. घोड्याचं तोंड वेदनेने उघडं पडलं होतं. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

टापा पाण्याच्या अलीकडे थांबल्या होत्या.

कोणाची तरी वाट बघत असल्यासारख्या...

रूपालीच्या ओठांतून शब्द निघाले. का, ते तिला आजही सांगता येत नाही.

"चल, फुटाण्या."

टापा उधळल्या. आता त्या लंगडत नव्हत्या. धडधडत थेट सुलतानला आडव्या गेल्या. सुलतानने चारही पाय रोवले. राज त्याच्या मानेवरून उडाला आणि दगडी काठावर आपटून पाण्यात पडला.

खांदा निखळला. बरगड्या मोडल्या. फोटोग्राफर मदतीला जायचं सोडून फोटोच काढत राहिला. त्या फोटोंत राज आणि सुलतानशिवाय काही नाही.

संध्याकाळी राजचा निरोप आला. रूपाली मुद्दाम आडवी आली, आता पोलिसांत तक्रार करतो, असा. तिचं डोकं फिरलं. ती तडक दवाखान्यात गेली.

चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदीच किरकोळ दिसत होता.

"मी कुंपणापाशी होते, साहेब. तुमच्याच पाहुण्यांना विचारा."

"खोटं बोलू नकोस." तो खाटेवर मागे सरकला. "तेच तट्टू होतं. त्याच्यावर तू बसली होतीस. माझ्याकडे बघून हसत होतीस."

पडल्याचं खापर फोडायला याला मेलेला पोनीही चालतो. ती मनातल्या मनात थुंकली आणि निघाली.

घरी येऊन तिने कपडे बदलले.

आणि तिथेच खाली बसली...

दोन्ही गुडघ्यांची आतली बाजू सोलवटली होती. लालभडक. ताजी. खोगिरावर आवळून बसल्याशिवाय असे वळ उठत नाहीत.

राजची तिला आजही काडीइतकी दया येत नाही. फुटाण्याची भीती तर तिला कधीच वाटली नाही. तो आला असेल तर बरंच झालं, असं ती म्हणते.

पण फुटाण्यावर ती होती...

तर मग कुंपणापाशी, त्या माणसांमध्ये, कोण उभं होतं?